नाकापासून आयरिश : त्यांगलन कोशस्थळाची कसून पारख

ज्या गावाचं नाव नाकावरून पडलं असं गावातलं शेंबडं पोरही सांगतं, त्या गावात बसून आयरिश शब्दकोश पारखायचा तर शब्द नाकाचाच घ्यायला हवा. (नाशिक हे नाव ‘नवशिख’ म्हणजे नऊ शिखरांवरून आलं असंही मत आहे. पण पंचवटीत उभं राहून ते मांडून बघा.) आयरिशमध्ये नाकाला म्हणतात ‘स्रोन’. लिहायचं एस-आर-ओ-एन, आणि त्यातल्या ओ वर उजवीकडे चढणारी तिरकी रेघ. चार अक्षरांचा शब्द, पण आयरिश शिकणाऱ्याला छळणारी बहुतेक दुखणी त्यात सापडतात. शब्दाचं तोंड बदलतं, शेपूट बदलतं, लिंग पाळावं लागतं आणि उत्तरेकडे गेलं की शब्दच दुसरा निघतो. एखाद्या कोशाने हे सगळं नीट दाखवलं, तर बाकीच्या शब्दांनाही तो पुरेल असं समजायला हरकत नाही.

कोशस्थळाचं नाव त्यांगलन. ब्राउझरमध्ये टी-ई-ए-एन-जी-एल-ए-एन-एन आणि पुढे डॉट आय-ई. नावातच जीभ आहे : ‘त्यांगा’ म्हणजे जीभ आणि भाषाही, ‘लन’ म्हणजे जागा. आयरिश भाषेसाठी काम करणारी ‘फोरस ना ग्येल्गे’ ही सरकारी संस्था ते चालवते. पैसे नाहीत, नोंदणी नाही, जाहिराती नाहीत. पानं हलकी आहेत, त्यामुळे नेट मंद असलं तरी काम अडत नाही. सुरुवातीचं पान आयरिशमध्ये उघडतं, इंग्रजी करायचं बटण तिथेच वर असतं.

एकाच छपराखाली पाच वेगळी दालनं आहेत आणि ती एकमेकांची जागा घेत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावं. पहिलं दालन नील ओ डोनिल यांचा १९७७ चा आयरिश–इंग्रजी कोश. दुसरं १९५९ चा इंग्रजी–आयरिश कोश, संपादक तोमास द वल्द्रहे. तिसरं १९९१ चा छोटा आयरिश–आयरिश कोश. चौथं व्याकरण, पाचवं उच्चार. नवखा माणूस पहिल्या दालनात अर्थ बघतो आणि पान बंद करतो. निम्मी फसगत तिथेच होते.

पहिल्या दालनात ‘स्रोन’ टाकलं की अर्थाच्याही आधी एक कंस दिसतो. कंसाच्या लगेच आधी एफ, म्हणजे स्त्रीलिंग. कंसात जीएस, म्हणजे षष्ठीचं एकवचन, आणि त्यापुढे आडव्या रेघेला चिकटलेलं अर्धंच रूप. ते स्वतंत्र शब्द म्हणून वाचायचं नाही. मूळ शब्दाचा पुढचा भाग, इथे ‘स्र’, त्याला जोडायचा : ‘स्रोन्य’, म्हणजे नाकाचं. एनपीएल हे प्रथमेचं अनेकवचन. तिथे नागमोडी रेघ असते, ती अख्ख्या शब्दाच्या जागी आलेली असते. नागमोडी रेघ आणि ए म्हणजे ‘स्रोना’, नाकं. ही कागदी कोशाची जागा वाचवायची पद्धत, ती स्थळावर जशीच्या तशी उचलली आहे. स्क्रीनवर जागेचा काय तोटा? पूर्ण रूप छापायला हवं होतं. ही कुरकुर मनात ठेवून चौथ्या दालनात जायचं.

व्याकरणाचं दालन हे या सेवेचं खरं बळ. तिथे सगळी रूपं पूर्ण लिहून मिळतात, उपपदासकट. नुसतं नाक ‘स्रोन’, पण ‘ते नाक’ म्हणायचं तर ‘अन् त्रोन’. लिहिताना एस च्या आधी टी चिकटतो आणि एस मुका होतो. षष्ठीत ‘ना स्रोन्य’ : तिथे टी नाही. अनेकवचनात ‘ना स्रोना’, अनेकवचनाच्या षष्ठीत पुन्हा ‘ना स्रोन’. मराठीत नाकचं ‘नाका-’ होतं आणि मग प्रत्यय लागतो, ते सामान्यरूप आपण न शिकता बोलतो. इथेही तसंच रूप बदलतं, फक्त बदल शब्दाच्या दोन्ही टोकांना होतो. म्हणून नाकाचा शेंडा ‘बार ना स्रोन्य’. शेवटचा ‘न्य’ कन्यामधल्यासारखा, पण दुहेरी न करता. आयरिशमध्ये प्रत्येक व्यंजनाची एक रुंद आणि एक अरुंद जात असते. एन च्या आधी आय आला की तो अरुंद झाला. मराठी कानाला न आणि न्य यातला फरक उपजत कळतो, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीने उच्चार करणाऱ्यांपेक्षा आपलं काम इथे सोपं आहे.

आता अडचण येते ती शोधताना. पुस्तकात, पाटीवर, बातमीत शब्द मूळ रूपात क्वचितच भेटतो. ‘माझं नाक’ हे ‘म ह्रोन’ : लिहिताना एस नंतर एच घुसतो आणि उच्चारात एस चा ह होतो. हे रूप जसंच्या तसं शोधपेटीत टाकण्यापेक्षा आधी सोलून घ्यावं. दुसरं अक्षर एच असेल तर ते काढा. शब्द टीएस ने सुरू होत असेल तर टी काढा. एमबी, जीसी, एनडी, एनजी, बीपी, डीटी यापैकी जोडी सुरुवातीला असेल तर पहिलं अक्षर काढा. बीएचएफ असेल तर बीएच काढा, एफ ठेवा. एवढ्या चार नियमांवर बहुतेक शब्द कोशात सापडतात. गुडघ्यावर करून बघा : ‘आपला गुडघा’ जिथे लिहिलेलं असेल तिथे शब्द एनजी ने सुरू होतो, एन उडवला की ‘ग्लून्य’ हाती लागतो.

तिरक्या रेघेला ‘फादा’ म्हणतात. ती वगळून टाइप केलं तरी स्थळ बहुतेक वेळा जवळचे शब्द पुढे करतं. पण रेघेविना दुसराच खरा शब्द असेल तर थेट तो उघडतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. बोटाला ‘मेर’ म्हणतात, त्यातल्या ई वर फादा आहे. ती गाळली तर उरतो तो शब्द ‘चपळ’ या अर्थाचा. मोबाइलवर मराठी कीबोर्डातून इंग्रजीत या, ओ दाबून धरा, रेघवाला ओ निवडा. जीबोर्डमध्ये भाषांच्या यादीत आयरिशही आहे, ती जोडून घेतली तर शब्दांच्या सूचनाही येतात. विंडोजवर आयरिश कीबोर्ड जोडला की उजवा ऑल्ट धरून स्वर दाबला तरी पुरतं. कीबोर्ड न जोडता करायचं तर डावा ऑल्ट धरून नंबरपॅडवर आकडे : ए साठी ०२२५, ई ०२३३, आय ०२३७, ओ ०२४३, यू ०२५०. नंबरपॅड नसलेल्या लॅपटॉपवर मात्र वरच्या ओळीतले आकडे या कामाला चालत नाहीत.

उच्चाराच्या दालनात तीन बटणं असतात : कॉनक्ट, मन्स्टर, अल्स्टर. म्हणजे पश्चिम, दक्षिण आणि उत्तर. माणसांच्या आवाजातल्या ध्वनिफिती आहेत, यंत्राच्या नाहीत. फरक ऐकायचा असेल तर नाकापेक्षा डोकं घ्या. डोक्याचा शब्द मन्स्टरमध्ये ‘क्याउन’, कॉनक्टमध्ये लांबवलेलं ‘क्यान’, अल्स्टरमध्ये तेच पण आखूड. शिंकेचा शब्द दक्षिणेत ‘स्रे’, बाकीकडे ‘स्री’, कारण ए-ओ ही जोडी मन्स्टर वेगळी उच्चारतं. शिकताना एक बोली धरावी आणि बाकीच्या फक्त कानावर राहू द्याव्या. तिन्ही बटणं आलटून पालटून दाबणाऱ्याचा उच्चार धड कुठलाच होत नाही.

या दालनाची उणीव मोठी आहे. ध्वनिफिती मूळ रूपाच्या आहेत. ‘म ह्रोन’, ‘अन् त्रोन’ ही रोजची रूपं ऐकायला मिळत नाहीत, आणि चुकायची जागा नेमकी तीच. यावर उपाय म्हणजे ए-बी-ए-आय-आर डॉट आय-ई. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचं हे फुकट स्थळ तुम्ही लिहाल ते वाक्य तिन्ही बोलींत वाचून दाखवतं. आवाज यंत्राचा असला तरी एच चा आणि टी चा खेळ बरोबर उमटतो. आधी त्यांगलनवर मूळ शब्द माणसाकडून ऐकायचा, मग इथे पूर्ण वाक्य. ‘त्याचं नाक लांब आहे’ हे टाकून बघा. आयरिशमध्ये अशा वर्णनात नाक माणसा‘वर’ असतं, ‘त्याचं’ नसतं : ‘ता स्रोन आदा एर’. त्यातला लांब या अर्थाचा शब्द मुळात ‘फादा’, म्हणजे त्या रेघेचं नावच. नाक स्त्रीलिंगी म्हणून त्याच्या एफ नंतर एच येतो, आणि एफएच मिळून काहीच उच्चार होत नाही. लिहिलेली पाचही अक्षरं वाचणारा इथे हमखास पडतो. सर्दीही अशीच अंगावर असते : ‘ता स्लायदान ओरम’, सर्दी माझ्यावर आहे.

नाकाच्या आसपासचे शब्द गोळा करताना सेवेचा कस लागतो. अकारविल्हे शेजारी असलेले शब्द लगेच मिळतात. ‘स्रोनख’ म्हणजे मोठ्या नाकाचा, आणि व्याकरणात अनुनासिक. ‘स्रोनील’ म्हणजे नाकातून बोलणं किंवा हुंगणं. ‘स्रोनव्यानख’, नाकावर शिंग असलेला, म्हणजे गेंडा. इथपर्यंत ठीक. पण नाकपुडीचा शब्द ‘पोलारे’ आहे, तो पी मध्ये. त्यात ‘पोल’ म्हणजे भोक दडलेलं आहे. नकट्या नाकाला ‘गेंक’, शेंबडाला ‘स्मुगा’, आणि उत्तरेत डोनेगलकडे नाकालाच ‘गीसान’. हे सगळे शब्द कोशात आहेत, पण ‘स्रोन’च्या पानावरून त्यांच्याकडे जाणारा नीट रस्ता नाही. समानार्थी शब्दांची जोडणी १९७७ च्या कोशात नव्हती आणि संगणकावर आणताना ती कुणी केली नाही. डोनेगलच्या माणसाशी बोलताना ‘गीसान’ कानावर पडला तर तो शोधून अर्थ मिळेल. पण डोनेगलला जाण्याआधी तिथे नाकाला काय म्हणतात हे शोधायला बसलात, तर या दालनात ते सहज हाती लागणार नाही.

त्यासाठी इंग्रजीकडून यावं लागतं, आणि इंग्रजीकडून येताना त्यांगलनचं १९५९ चं दालन पहिल्यांदा उघडू नये. जुन्या वाक्प्रचारांना ते उत्तम आहे, पण त्यानंतरच्या जगाबद्दल ते काय सांगणार? त्याच संस्थेचं दुसरं स्थळ आहे, एफ-ओ-सी-एल-ओ-आय-आर डॉट आय-ई. ते २०१३ साली सुरू झालं आणि २०२० मध्ये त्याची छापील आवृत्तीही निघाली. तिथे प्रत्येक अर्थ वेगळा पाडलेला आहे, प्रत्येकाला उदाहरण आहे, शब्दाशेजारी तिन्ही बोलींचा आवाज आहे. नाक शिंकरणे, नाकातून रक्त येणे अशा रोजच्या गोष्टी अख्ख्या वाक्यखंडात मिळतात.

मराठीतून थेट आयरिशकडे जायचा रस्ता या कुठल्याच स्थळावर नाही, मधे इंग्रजीचा नाका लागतो. वस्तूंच्या नावांना त्याने फारसं बिघडत नाही. वाक्प्रचारांना बिघडतं. आपल्याकडे नाक मुरडतात, खुपसतात, घासतात, कापतात, नाकी नऊ येतात, आणि लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे नाकाने कांदेही सोलतात. यातला शब्द न् शब्द भाषांतरयंत्रात घातला तर आयरिश माणसाला शस्त्रक्रियेचं वर्णन वाटेल. आधी अर्थ काढा, मग इंग्रजी क्रियापद, मग कोश. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारा माणूस आयरिशमध्ये ‘लादर’ खुपसतो, म्हणजे पळी. ‘ना कुर द लादर इश्त्याख’ : तुझी पळी आत घालू नकोस. काम लांबणीवर टाकायचं तर ते लांब बोटावर ठेवतात, म्हणजे मधल्या बोटावर : ‘अर अन् मेर आदा’. असे प्रयोग पहिल्या दालनात त्या त्या वस्तूच्या नावाखाली सापडतात. पळी शोधली तर मिळेल, नाक शोधलं तर नाही.

शरीराच्या बाकी शब्दांना सेवा किती पुरते? गुडघ्याची नोंद वाचण्यासारखी आहे. ‘ग्लून्य’ म्हणजे गुडघा आणि पिढीसुद्धा. ‘ओ ग्लून्य ग ग्लून्य’ म्हणजे पिढ्यान् पिढ्या. सुईण म्हणजे ‘ब्यान ग्लून्य’, गुडघ्याची बाई. कोपराला ‘इलिन’, आणि तोच शब्द भूमितीतल्या कोनालाही. व्याकरणाच्या दालनात त्याचं षष्ठीचं रूप ‘इलन’ दिसलं की काखेतल्या भात्याला कोपराने दाबून वाजवायच्या आयरिश पाइपांना ‘इलन पाइप्स’ का म्हणतात ते आपोआप कळतं. हाताचा शब्द ‘लाव’. त्यातून हस्तलिखित, हातमोजा, हस्तपुस्तिका अशी मोठी प्रजा निघाली आहे, मराठी ‘हात’सारखीच. दोन-दोन असलेल्या अवयवांपैकी एकच म्हणायचा झाला तर आयरिश त्याला ‘अर्धा’ म्हणते : एका हाताने म्हणजे ‘अर्ध्या हाताने’, एकाक्ष म्हणजे ‘अर्ध्या डोळ्याचा’. ‘ल्या’ हा उपसर्ग कोशात स्वतंत्र नोंदीत आहे. तो आधी वाचला नाही तर एकुलता डोळा अर्धवट मिटल्याचा अर्थ लावून बसाल.

नर्सिंगसाठी किंवा देखभालीच्या नोकरीसाठी आयर्लंडला जाणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. तिथे ‘लाव’ हे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांशी आणि मोठ्यांशी बोलताना वापरायच्या हातखुणांच्या पद्धतीचंही नाव आहे. कामाच्या ठिकाणी हा शब्द आला तर बहुधा त्या अर्थाने येईल. कोशात हात एवढाच अर्थ बघून गोंधळू नये. वैद्यकीय परिभाषा हवी असेल तर त्यांगलन सोडून टी-ई-ए-आर-एम-ए डॉट आय-ई कडे जावं. तो अधिकृत परिभाषा संच आहे आणि प्रत्येक शब्द कुठल्या शास्त्रातला ते तिथे दिलेलं असतं.

गावांची नावं हा या सेवेचा प्रांत नाही, आणि तसं असायलाही हरकत नाही, कारण त्यासाठी एल-ओ-जी-ए-आय-एन-एम डॉट आय-ई हे फार चांगलं स्थळ आहे. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटी आणि सरकारची स्थलनाम शाखा मिळून ते चालवतात. केरी परगण्यात ‘अन् त्रोन’ नावाची जागा आहे, इंग्रजीत श्रोन. पुढे आलेल्या भूभागाला नाक म्हणायची तिथे रीत. किनसेल हे बंदर म्हणजे ‘क्यून ताल्य’, खाऱ्या पाण्याचं डोकं, तिथेही तोच एस च्या आधीचा टी. स्कॉटलंडच्या गेलिकमध्येही नाक ‘स्रोन’च. तिथल्या स्ट्रॉन्शियन गावाच्या नावात ते आहे, आणि त्या गावाजवळच्या खनिजावरून स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याला नाव मिळालं. दिवाळीच्या फटाक्यातला लाल रंग त्याच्या क्षारांचा. हे मात्र त्यांगलनवर शोधू नका. तो आयरिशचा कोश आहे, स्कॉटिश गेलिक वेगळी भाषा आहे आणि तिच्या फाद्याचा कलही उलटा असतो.

जुनं आयरिश बघायची हौस असेल तर डी-आय-एल डॉट आय-ई. रॉयल आयरिश अकॅडमीने १९१३ ते १९७६ या काळात खंडाखंडाने काढलेल्या कोशाचं ते संगणकीय रूप. वाचायला अवघड, पण फुकट. रोजच्या शिकण्याला त्याची गरज नाही.

आपल्याकडे तुलनेला काय आहे? मोल्सवर्थची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते–कर्वे यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या स्थळावर शोधता येतात. मोल्सवर्थमधली ‘नाक’ची नोंद वाक्प्रचारांच्या बाबतीत ‘स्रोन’च्या नोंदीला सहज मागे टाकेल. पण तिथे ना आवाज, ना रूपांचा तक्ता. नाशिकला शिकायला आलेल्या परभाषिकाला ‘नाक’चं ‘नाकाला’ आणि ‘दात’चं ‘दाताला’ होतं, पण ‘जीभ’चं ‘जिभेला’ का, हे एका टिचकीत दाखवणारं असं स्थळ मराठीत असायला हवं होतं.

गुण द्यायचे तर व्याकरणाच्या दालनाला दहापैकी नऊ, उच्चाराला सात, आयरिश–इंग्रजी कोशाला मजकुरासाठी नऊ आणि मांडणीसाठी पाच. १९५९ च्या दालनाला गुण देणं अन्याय होईल. नुसत्या नोकरीसाठी डब्लिनला जाणाऱ्याला यातलं काहीच लागणार नाही, तिथे सगळे व्यवहार इंग्रजीत होतात. बसवरच्या द्विभाषिक पाट्या वाचायच्या असतील किंवा संसदेच्या बातमीत अध्यक्षांना ‘क्यान कोर्ले’, म्हणजे परिषदेचं डोकं, का म्हणतात हे कळून घ्यायचं असेल, तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पान उघडून ‘होम स्क्रीनवर जोडा’ करून ठेवावं. जोडताना व्याकरणाचं दालन उघडं ठेवून जोडा, म्हणजे पुढच्या वेळी थेट तिथेच उतराल.